रोलरमधला झेंडू

आमच्या ट्रेडमिलचा आवाज इतका वाढला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, "पिठाची गिरणी टाकलीत का?" असं विचारलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण निव्वळ शेजारधर्म म्हणून मी चालणं सोडलं. बायकोला हा शेजारधर्म पटला नाही. तिनं भोसरीहून मेकॅनिक बोलावला.

तो आठवडाभर चाकणच्या कंपनीत मशीन दुरुस्त करायचा, म्हणून रविवारी आला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकत बसला.

"आवाज कवापासून हाय?"

"दसऱ्यापासून."

त्यानं झाकण खोललं. रोलरभोवती गुंडाळलेला दोरा आणि वाळका झेंडू चिमट्यानं काढून वर्तमानपत्रावर ठेवत गेला. पूजेचा हार मीच घातला होता, आणि उत्साहात हारासकट मशीन सुरू केलं होतं.

"आमी बी मशीन पूजतो, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "पन दुसऱ्या दिवशी हार काढून फर्स्ट शिफ्टला कामाला लागतो."

जाताना त्यानं तो झेंडू निर्माल्य म्हणून आमच्या तुळशीत टाकला. मशीनचा आवाज गेला, आणि त्याच्याबरोबर न चालण्याचं माझं एकमेव सज्जन कारणही.