ओव्याचं फूल

भर बाजारात, एका म्हाताऱ्या माणसाच्या दुकानापुढच्या गटारात मी ओव्याच्या तेलाची बाटली ओतली होती. सांडली नव्हती. चार माणसं बघतायत हे बघून ओतली होती. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तरी ओव्याची फोडणी बसली की मला पहिल्यांदा ते गटारच आठवतं.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी हैदराबादला बी.एस्सी. करून उस्मानाबादला परत आले होते आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. माझी आई काही उस्मानाबाद म्हणायची नाही, तिच्या तोंडात धाराशिवच. गावात तेव्हा बी.एस्सी. झालेली बाई म्हणजे बघायला यायची वस्तू होती. कुठल्या विहिरीचं पाणी चांगलं, खत किती घालावं, चष्म्याचा नंबर का वाढतो, काहीही लोक मला विचारायचे. आणि मीही सांगायचे. न कळणारं जरा जास्तच ठणकावून सांगायचे. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. "तुझ्या जिभेला लगाम न्हाय ग," असं आई दिवसातून एकदा तरी म्हणायची.

बाजाराच्या तोंडाशी एका अत्तारचाचांचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. दुकानामागच्या अंगणात त्यांची भट्टी होती. तेर गावाच्या बाजूचे शेतकरी ओवा आणून द्यायचे. चाचा तो जाडाभरडा कुटून तांब्याच्या मोठ्या देगेत पाण्यासकट घालायचे, झाकणाला कणकेनं लिंपायचे आणि खाली मंद जाळ लावायचे. ओव्याची वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरायची. तिथं तिचं पाणी व्हायचं आणि पाण्यावर तेलाची साय यायची. ती साय पळीनं उचलून बाटलीत भरायची. खाली राहिलेलं ओव्याचं पाणी चाचा बाळंतिणींच्या घरी फुकट पाठवायचे. हे काम त्यांच्या अब्बांनी त्यांना शिकवलेलं. दाढ ठणकू दे, पोट दुखू दे, पायाला चिखल्या होऊ देत, लोक चाचांचं तेल न्यायचे.

ते पौषाचे दिवस होते आणि त्या साली थंडी लई पडली होती. आईची दाढ दुखत होती म्हणून मी बाजाराच्या दिवशी तेल आणायला गेले. चाचांनी बाटली हातात दिली. मी ती उजेडात धरली, तर तळाला पांढरे, चकचकीत खडे. बोटभर थर होता.

"चाचा, यात कापूर घातलाय तुम्ही," मी म्हणाले.

"कापूर न्हाय, बाई. फूल हाय ते, ओव्याचं फूल. थंडीत खाली बसतंय."

"फूल? तेलाला फूल येतं?"

"येतंय. आमचे अब्बा म्हणायचे, फूल बसलं की तेल अस्सल."

झालं. अस्सल हा शब्द ऐकला आणि माझं टाळकं सरकलं. आजूबाजूला बाया, शेतकरी, माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या. मी आवाज चढवून सांगितलं की रसायनशास्त्र मी शिकलेय, तेल म्हणजे तेल असतं, त्यात खडे सापडले तर ते कुणीतरी घातलेले असतात. आणि बूच काढून अख्खी बाटली गटारात उलटी केली. खडे अडकले होते, ते मी बाटली हापटून हापटून काढले. चाचांनी रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली आणि फळीवर ठेवली.

निजामी जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माणसं एकमेकांकडं जरा जपूनच बघायची. अशा दिवसांत एका मुसलमान दुकानदाराला बाजारात उभं राहून भेसळवाला म्हणणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी फणकाऱ्यानं घरी आले आणि आईला लवंग चावायला दिली.

चार दिवसांत लोक चाचांच्या बाटल्या परत आणून द्यायला लागले. शाळेतल्या शिपाईणबाईंनीच मला सांगितलं, "बाई, तुम्ही बोलला ते बरं झालं. आमीबी वापस दिली." पुढच्या आठवड्यात भट्टीचा धूर दिसायचा बंद झाला. एवढ्या वर्षांत पावसाळा सोडला तर ती भट्टी कधी थंड पडली नव्हती. मला वाटलं, लबाडी उघडी पडल्यावर दुसरं काय होणार.

मग एक दिवस शाळेतून येताना त्या गटारावरून पाय टाकला आणि थांबले. गटाराचे दगड वरपासून खालपर्यंत हिरव्या, बुळबुळीत शेवाळानं भरलेले. फक्त चाचांच्या दुकानापुढं दोन हात लांबीचा एक पट्टा स्वच्छ. पाथरवटानं आजच घडवून बसवावेत असे ते दगड. मी तेल ओतलं होतं ती जागा. मी खाली बसून बघितलं. लोक काय म्हणतील याचंही भान राहिलं नाही. दगडाला अजून ओव्याचा वास येत होता.

घरी आले तर डोक्यात तोच पट्टा. आईला विचारलं, जुनं काही तेल शिल्लक आहे का. तिनं फडताळाच्या कोपऱ्यातून विसरून गेलेली एक बाटली काढली, चैत्रात आणलेली. तेव्हा मीच तिचं बूच मेणानं बंद केलं होतं, म्हणून मला पक्कं आठवत होतं की तेल पाण्यासारखं नितळ होतं. आता तिच्याही तळाला तेच पांढरे खडे होते. मेण तसंच्या तसं.

"आई, हे कुणी घातलं यात?"

"थंडीनं घातलं असंल," आई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

रात्रभर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बसले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि अख्ख्या शाळेत मिळून एक थर्मामीटर. खडे टीपकागदावर दाबून त्यांचं तेल टिपलं, काचेच्या बारीक नळीत भरले, नळी थर्मामीटरला दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडली आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. साखर असती तर पाण्याच्या एवढ्याशा उष्णतेनं नळीत वितळलीच नसती. कापूरही वितळला नसता. पारा पन्नासच्या आसपास पोचला आणि माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्या खड्यांचं पाणी झालं.

पन्नास. हा आकडा मला पाठ होता. पुस्तक काढायचीही गरज नव्हती, तरी काढलं. थायमॉल. दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती आणि पूर्ण गुण मिळवले होते. कॉलेजच्या कपाटात तो जर्मनीहून आलेल्या तपकिरी बाटलीत असायचा आणि आम्ही त्याला भीतभीत हात लावायचो. शस्त्रक्रियेच्या जखमा धुवायला वापरतात, जंतू मारतो, असं सरांनी सांगितलेलं. तो ओव्यात असतो हेसुद्धा पुस्तकात एका ओळीत होतं. मी ती ओळ वाचली होती. आणि तोच थायमॉल धाराशिवच्या बाजारात, चाचांच्या बाटलीत, फूल या नावानं माझ्यासमोर आला तेव्हा मी त्याला गटारात घातलं. स्वतःच्या शिक्षणाची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी पुढच्या पाच दिवसांत झालं. मी भाकरीचे तीन तुकडे ओले करून तीन काचेच्या भांड्यांत झाकून ठेवले. पहिल्यात काही घातलं नाही. दुसऱ्यात भाकरीवर तिळाएवढं फूल ठेवलं. तिसऱ्यात तेवढंच फूल चिंधीत बांधून झाकणाला दोऱ्यानं टांगलं, भाकरीला कुठंही लागू दिलं नाही. पाचव्या दिवशी मुलींसमोर कपाट उघडलं. पहिली भाकरी हिरव्या-काळ्या बुरशीनं लवलवलेली, ओळखू न येणारी. दुसरी होती तशी. आणि तिसरीही होती तशी. नुसत्या वासानं. शिवलंही नव्हतं तिला काही.

मी किती वेळ ते भांडं हातात धरून उभी होते कुणास ठाऊक. ओवा म्हणजे काय हो? बोटाच्या पेरावर वीस-पंचवीस दाणे मावतात. आई तो भज्यात घालते. त्या एवढ्याशा दाण्याच्या पोटात सायमिन आणि टर्पिनिन ही तेलं आहेत, आणि त्यांच्यात विरघळून बसलेला हा थायमॉल आहे. तेरणा नदीच्या काठच्या काळ्या मातीत, ना दिवा ना थर्मामीटर, एक गुडघाभर रोपटं हे सगळं बनवतं. कशासाठी? मला वाटलं, आपलं बी ओल्या मातीत कुजू नये म्हणून. मुली विचारत होत्या, "बाई, काय झालं?" देवळातही मी हात कधी इतक्या मनापासून जोडले नसतील, तसे माझे हात त्या कळकट भांड्यापुढं आपोआप जुळले.

संध्याकाळी चाचांकडं गेले. अंगणात देग उपडी घातलेली होती. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणाले, "चाचा, चुकले मी. तेल अस्सल आहे तुमचं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बसा, बाई," म्हणाले. मग उपड्या देगेकडं बघत म्हणाले, "तुम्ही बाजारात बोलल्या होत्या. आता अंगणात बोलताय."

ते रागानं म्हणाले नव्हते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर काचेचे दोन पेले, स्पिरिटचा दिवा, थर्मामीटर आणि आईच्या पूजेतला कापूर मांडला. गर्दी जमायला वेळ लागला नाही, बी.एस्सी. बाई पुन्हा भांडायला आली म्हटल्यावर कोण थांबणार नाही! एका पेल्यात कापूर टाकला. तो पाण्यावर तरंगला आणि गरागरा फिरायला लागला. "हा कापूर," मी म्हणाले. "आणि आता हे चाचांचं फूल." दुसऱ्या पेल्यात दाणा टाकला. तो पाण्यावर राहिला.

मागून कुणीतरी हसलं. शाळेत करून बघितलं होतं, तेव्हा तो सरळ बुडाला होता. मग लक्षात आलं की दाणा बारीक आहे, कोरडा आहे, पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणानं त्याला धरून ठेवलंय. काडीनं हलकेच टोचला. तो सुटला आणि सावकाश तळाला जाऊन बसला. मी आणखी चार मोठे दाणे टाकले. चारही बुडाले.

"आता बघा." पेल्याखाली दिवा धरला. पाणी तापत गेलं. लोक पुढं वाकले. पन्नासच्या जरा पुढं तळातले दाणे पारदर्शक दिसायला लागले, गोल झाले, आणि एकेक करून थेंब होऊन वर आले. जे बुडालं होतं तेच तेल होऊन पाण्यावर पसरलं आणि अख्ख्या बाजारात ओव्याचा वास सुटला. मग मी बोलले. मोठ्यानं, मागच्या वेळी बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं. चाचांच्या तेलात कापूर नाही, काहीच नाही, जे आहे ते ओव्याचं आहे, यानंच जखमा धुतात, आणि मी शिकलेली असून मला हे ओळखता आलं नाही, मी चुकले. एका म्हाताऱ्या बाईनं तिथंच बाटली मागितली. मग दुसरीनं मागितली. काही जण मात्र नुसतेच निघून गेले, ते परत कधी त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

गर्दी पांगली तरी चाचा पेल्यापाशीच बसून होते. पाणी निवलं होतं. "भट्टी आता पेटवा," मी म्हणाले. "लोक येतील."

"लोकांसाठी न्हवती विझवली, बाई," चाचा म्हणाले. "लोक काय, येतात, जातात. तुम्ही हैदराबादेत शिकलेल्या. तुम्ही म्हणल्या कुणीतरी घातलं असंल. मी मनात म्हटलं, मी तर घातलं न्हाय. मग अब्बाच घालत असतील का? मला कळू न देता? लहान होतो, मी कुठं सगळं बघत होतो." त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. "पंधरा दिवस मी माझ्या बापाला लबाड समजून नमाज पढलो."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

"ते खाली जाऊन वर येतंय ना," चाचा म्हणाले, "ते पुन्हा एकदा दाखवा."

मी पेला धुतला, गार पाणी भरलं, त्यांच्याच बाटलीतले चार दाणे घातले आणि दिवा लावला. चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली. दाणे वर येईपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.