निपाणीची माती, बेळगुंदीचा बैल

बहिणीकडे जाताना लोक साडी नेतात, निदान आंबे तरी नेतात. मी यंदा जूनमध्ये पिशवीभर माती नेली, आणि तीही तिच्याच सांगण्यावरून.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदीत दिलेली आहे आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमचं मूळ घर निपाणीजवळच्या खेड्यात. शेती दादा बघतो, मी पुण्यात असतो. आक्काचा फोन आला, “येताना आपल्या विहिरीजवळची माती आण. काळी, खत न पडलेली.” कशाला, तर आठवीच्या पोरांना प्रयोग करायचेत. मग जरा थांबून म्हणाली, “आणि आत्तीस्नी एक दाखवायचं हाय.”

आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना काय दाखवायचं होतं ते मला माहीत होतं, कारण गेली वीस-एक वर्षं मी तेच ऐकतो आहे. त्यांच्या घरात बेंदराला, म्हणजे तिकडच्या पोळ्याला, मातीच्या बैलांची जोडी पुजतात. माती स्वतःच्या शेतातली, बैल घरच्या बाईनं केलेले. पूजा झाली की जोडी वर्षभर देवळीत राहते आणि नवी जोडी आली की जुनी पाण्यात विरघळवून तुळशीला घालतात. लग्नानंतरच्या पहिल्या बेंदराला आक्कानं बैल केले, आणि पाटावर ठेवताना सगळ्या भावकीसमोर एकाची दोन्ही शिंगं गळून पडली. आत्ती एवढंच म्हणाल्या, “निपाणीच्या हातचा बैल उभा ऱ्हात न्हाय.” तेव्हापासून बैल आत्तीच करतात, आणि त्यांच्या बैलाला कधी साधी चीरसुद्धा जात नाही.

यंदा मात्र त्यांनी जाहीर केलं की बोटं वळत नाहीत, बैल बाजारातून आणा. आक्का म्हणाली, मी करते. आत्ती म्हणाल्या, कर. पण बेंदरापर्यंत टिकला नाही तर या घरात कायमचा बाजारचा बैल. आक्काचं म्हणणं, दोष तिच्या हाताचा नव्हताच, बेळगुंदीच्या मातीचा होता. हे सिद्ध करायला तिनं आख्खी आठवी कामाला लावली होती.

पुण्याहून निपाणी एसटीनं सहा-सात तास धरा. सकाळी लवकर निघालात तर कोल्हापुरात जेवून दुपारच्या चहाला निपाणीत पोचता. स्टँडवर उतरलं की पहिल्यांदा वासच भेटतो, तंबाखूचा, जरा गोडसर आणि घशाला धरणारा. नव्या माणसाला दोन शिंका येतात. आम्हाला घरी आल्यासारखं वाटतं.

दादानं माती खणून दिली, पण माझी थट्टा करायची काही सोडली नाही. “पुण्यात राहून ह्योच धंदा काढलास व्हय रं?” मग चहा घेताना, आक्काच्या सासरी आता नाव ठेवायला जागा उरलेली नाही, हे त्यानं मला रंगवून सांगितलं. दर दिवाळीला आमच्याकडून तिला भुईमुगाच्या शेंगांचं पोतं जातं. पूर्वी रानातून काढून वाळवून तसंच जायचं. गेल्या दिवाळीला त्यानं शेंगा दोनदा धुतल्या, कडकडीत वाळवल्या, चाळल्या आणि कोऱ्या पोत्यात भरल्या. “मोत्यासारख्या दिसत होत्या,” तो म्हणाला. मी मान हलवली. या मोत्यांनी काय करून ठेवलं होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून बेळगावची बस धरली. गाड्या भरपूर आहेत, स्टँडवर फार वाट बघावी लागत नाही. तवंदीचा घाट चढताना उजवी-डावीकडचं काळं रान मागं पडतं, खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. मला मिळाली होती, पण पिशवी मांडीवर होती. कंडक्टरनं ती दाबून बघितली. “एन्री, मण्णा?” काय हो, माती? मी व्हय म्हटलं. त्यानं वाकून परत एकदा चाचपून बघितली. शेजारची बाई मराठीतून म्हणाली, “बेळगावात माती संपली काय, पावणं?” पुढच्या सीटवरचा म्हातारा वळला आणि मला धीर दिला, “तसं नसतंय बाई. देवाची आसंल.” संकेश्वरापर्यंत मी त्या गैरसमजाच्या पुण्याईवर निवांत बसलो.

बेळगावच्या स्टँडवरून बेळगुंदीची सिटी बस मिळते. दुपारी गाड्या कमी असतात, तेव्हा आधी चौकशी करा आणि मगच कुंदा, ही इथली खव्याची मिठाई, घ्यायला जा. मी उलटं केलं आणि तासभर बसलो. शहर संपलं की रस्त्याकडेची माती लाल व्हायला लागते. भाताची खाचरं, रताळ्याचे वरंबे, काजूची झाडं. निपाणीच्या माणसाला हे सगळं जरा जास्त रंगवल्यासारखं वाटतं.

आत्तींनी दारातच पिशवी बघितली. “बहिणीला साडी आणायची सोडून माती आणलीसा व्हय?”

मी कुंदा पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण प्रश्न काही मागे घेतला नाही.

शाळेत जायचं तर आधी मुख्याध्यापकांची परवानगी काढावी. माझी आक्कानं काढून ठेवली होती. आठवीच्या वर्गात बाकं भिंतीला लावलेली, मधे जमिनीवर दोन ढीग, एक लाल आणि एक माझा. पोरांनी माझ्या ढिगाकडं, पाहुण्या संघातल्या खेळाडूकडं बघावं तसं बघितलं.

पहिला प्रयोग पाण्याचा. बाटल्यांचं बूड कापून उलट्या टांगलेल्या, तोंडाला बेळगावातल्या वडगावच्या मागावरच्या साडीची चिंधी बांधलेली. सोहम नावाच्या पोराची मावशी तिथं माग चालवते, चिंध्या त्याच्या खात्यात. दोन्ही बाटल्यांत सारखी माती, सारखं पाणी. लाल मातीनं पाणी पटकन खाली सोडलं. आमच्या मातीनं ते धरून ठेवलं. वर्ग वाट बघत राहिला.

“निपाणीवाल्यांच्या हातनं काय सुटत न्हाय,” सोहम म्हणाला आणि लगेच माझ्याकडं बघून वहीत शिरला.

दुसरा प्रयोग ओल्या मातीची वळी करून ती बांगडीसारखी वाकवायचा. लाल मातीची वळी वाकायच्या आत तुटली. काळ्या मातीची बांगडी झाली, इतकी गुळगुळीत की सानिका नावाच्या मुलीनं ती मनगटात घालून वर्गभर फिरवली. ही सानिका आक्काच्या घरापासून दोन दारं पलीकडे राहते आणि तिच्या तोंडाला लगाम नाही. आक्का माझ्याकडं बघून हसली. तिच्या हसण्यात वीस वर्षांची थकबाकी होती.

मग बैल. आक्कानं स्वतः दोन केले, एक निव्वळ बेळगुंदीचा, एक निव्वळ निपाणीचा. निपाणीचा खरोखर देखणा झाला. वशिंड, गळ्याखालची पोळी, टोकदार शिंगं. दोघांना वर्गाच्या खिडकीत सावलीला ठेवलं, शेजारी कंपासपेटीच्या झाकणांत दोन्ही माती थापून मांडल्या आणि शनिवार-रविवारसाठी शाळेला कुलूप लागलं.

या सुट्टीत मी बेळगाव पाहून घेतलं. किल्ला सकाळी करा, ऊन नसतं. वडगावात गल्लीतून नुसतं चाललात तरी घराघरातून मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि कुणी आत बोलावलं तर जा. मी गेलो आणि आक्कासाठी साडी घेतली. आत्तींचं बोलणं लागलं होतं.

सोमवारी कुलूप उघडलं. बेळगुंदीचा बैल आक्कानं उचलला तेव्हा त्याचे मागचे दोन पाय खिडकीतच उभे राहिले. पण हे अपेक्षितच होतं. सगळ्यांचं लक्ष निपाणीच्या बैलाकडं होतं. तो पोटाच्या मधोमध चिरला होता आणि चीर पार वशिंडापर्यंत गेली होती. कंपासपेटीच्या झाकणात थापलेली आमची माती आक्रसून कडेपासून सुटली होती. लाल माती जिथल्या तिथं होती.

“बाई,” सानिका म्हणाली, “ही माती पाणी प्याली की फुगती आणि वाळली की रुसती.”

आक्कानं ते वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. पण दुपारी ती तडक घरी आली. ओसरीवर बसलेल्या आत्तींना तिनं सरळ सांगितलं, “तुमचंच खरं. बाजारातनं आणूया.” आत्तींनी नुसतं हूं केलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी आधी पाहिला नव्हता.

खरं तर इथं गोष्ट संपायची. पण संध्याकाळी सानिका आणि सोहम बरणी घेऊन दारात आले. त्यांचा प्रश्न साधा होता. लाल मातीचा बैल मोडतो, मग आज्जींचा लाल मातीचाच बैल कसा मोडत नाही? त्यांना देवळीतला जुना बैल बरणीत विरघळवून बघायचा होता.

“नवा आल्याबगर जुना हलवायचा न्हाय,” आत्ती म्हणाल्या.

“नवा बाजारातनं येणारच हाय की, आज्जी.”

“देवाचा बैल बाटलीत घालायचा?”

“पाण्यातच तर घालतासा. आमी बरणीतल्या पाण्यात घालतो, मग तुळशीला आणून वततो.”

आत्तींनी आक्काकडं पाहिलं, आक्कानं माझ्याकडं, मी तुळशीकडं. शेवटी त्या म्हणाल्या, “न्या. पाण्यात गेल्यावर माती ती मातीच.”

ती मातीच नसते, हेच तर आठवीत शिकवत होते. माती पाण्यात घालून खळखळून हलवली आणि रात्रभर ठेवली की जाड कण आधी खाली बसतात, बारीक नंतर, आणि घरातली उतरंड मांडावी तसे थर दिसतात. मंगळवारी सकाळी वर्ग बरणीभोवती गोळा झाला. तळाला लाल, रवाळ थर, बेळगुंदीचा. त्याच्यावर काळपट, लोण्यासारखा मऊ थर. आणि पाण्यावर तरंगत होते शेंगेच्या टरफलाचे तीन-चार तुकडे आणि मुळाचे बारीक केस.

“बाई,” सोहम हळूच म्हणाला, “ह्यात निपाणी हाय.”

आक्काच्या सासरी भात आणि रताळी होतात. शेंगा त्या घरात येतात त्या फक्त आमच्याकडून.

मधल्या सुट्टीत आक्का बरणी घेऊन घरी निघाली. मागं मी, सानिका आणि सोहम. तिनं बरणी आत्तींसमोर ओसरीवर ठेवली आणि समोर बसली. आत्तींनी बरणी उजेडाला धरली. ती फिरवून बघत म्हणाल्या, “टरफलं चाळून घ्याला पायजे होती.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेंगांच्या पोत्याच्या बुडाला दरवर्षी ओंजळ-दोन ओंजळी काळी माती राहायची. अन्नाबरोबर आलेली माती टाकायची कशी, म्हणून त्या डब्यात ठेवायच्या. एकदा बैलाच्या मातीत मूठभर मिसळून बघितली आणि बैल लोखंडासारखा उभा राहिला. तेव्हापासून तीन मुठी घरची, एक मूठ पोत्यातली.

“आणि त्याच्या आधी?” आक्कानं विचारलं. “मी या घरात यायच्या आधी?”

आत्तींनी पदर सारखा केला. “आधी माझ्याबी बैलाची शिंगं पडायची. कणकेनं चिकटवायची मी.”

“मग मला कधी सांगितलं न्हाईसा ते?”

“सांगितलं आसतं तर तुझ्या म्हायेरचं डोस्कं वर झालं आसतं.”

सानिका खांबामागं जाऊन हसली. आक्का मात्र अजून हिशेब लावत होती, आणि तो तिला लागला. “म्हणून यंदा बोटं वळंनात. डबा रिकामा हाय.”

“तुझ्या भावानं शेंगा आंघोळ घालून पाठवल्या,” आत्ती म्हणाल्या. “एक खडा न्हाय निघाला पोत्यातनं. मी काय करू?”

आता आक्का रागावते की हसते, हे बघत आम्ही सगळे उभे होतो. वीस वर्षं तिनं ते एक वाक्य ऐकून घेतलं होतं, आणि घरात दरवर्षी पुजला जाणारा बैल तिच्याच माहेरच्या मातीनं उभा होता. ती उठून आत गेली. परत आली तेव्हा हातात परात होती. त्यात तिनं लाल माती घेतली, माझ्या पिशवीतली काळी घेतली, आणि परात दोघींच्या मधे ठेवली.

आत्तींनी हात पुढे केला, एक मूठ काळी माती उचलून पिशवीत परत टाकली. “लई झाली. चिरंल.” मग पाण्याचा तांब्या आक्काकडं सरकवला. “बस. शिंगं आधी करू नगंस, मान सुकू दे.”

बेंदराच्या सकाळी जोडी पाटावर उभी राहिली. भावकी आली होती. आक्कानं बैल उचलताना ओसरीवरचं बोलणं थांबलं, आणि बैल पाटावर टेकल्यावर पुन्हा सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, आत्तींचा हात अजून शाबूत आहे. आत्ती म्हणाल्या, “माझा न्हाय. सुनेचा हाय.” आणि लगेच, “डावं शिंग वाकडं हाय, पर चालंल.”

परतीची गाडी रात्रीची घेऊ नका, घाट आणि रान दोन्ही झोपेत जातात. मी सकाळी निघालो. पुण्यात पिशवी झटकली तर शिवणीतून चिमूटभर माती निघाली, काळी आणि लाल, आता वेगळी करता येणार नाही अशी. ती मी कुंडीत टाकली. थर बघायला बरणी नव्हती, आणि तसा कुतूहलाचा माझा वाटा संपला होता.

मग दादाला फोन लावला आणि सांगितलं, दिवाळीला शेंगा धुवायच्या नाहीत, चाळायच्या नाहीत, रानातून काढल्या तशा पाठवायच्या. बेळगुंदीचा निरोप आहे.

त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग त्यानं दुखावल्या आवाजात विचारलं, “म्हंजे इतकी वर्सं त्यास्नी माती गोड लागत होती व्हय?”

मी व्हय म्हटलं.