आईच्या तोंडातलं चिंगम

माझ्या आईने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. वडिलांचं नाही, गावाचं नाही, माझं तर नाहीच नाही. त्या आईने माझ्या एका शब्दावर, भरल्या वॉर्डात, मुकाट तोंड उघडलं. त्या दुपारी मी जी हादरले ती अजून सावरलेली नाही.

आतड्याला पीळ पडला म्हणून तिला पोंभुर्ण्याकडून चंद्रपूरला आणलं होतं. ऑपरेशन झालं, पण तिसरा दिवस उजाडला तरी पोट फुगलेलंच आणि आतडं काही हलेना. डॉक्टर दर फेरीला एकच विचारत, "गॅस सरला का?" नाही सरला तर नाकातून नळी, आणि नळीनेही नाही भागलं तर पुन्हा पोट उघडायचं. दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.

मी भामरागडकडच्या शाळेत शिकवते. तिकडे लहान लहान पोरंसुद्धा खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला. म्हणून रोज सकाळी रांग लावून मी म्हणते, "तोंड उघड," आणि गालात काही सापडलं की थुंकायला लावते. आईलाही तीस वर्षं खर्रा लागायचा. तिच्यापुढे मात्र माझी मास्तरकी कधी चालली नाही.

त्या दुपारी औषधं घेऊन परत आले तर आई डोळे मिटून निवांत काहीतरी चघळत होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"आई! काय खाऊन राह्यली तू? मराचं आहे का तुले? तोंड उघड!"

तिने उघडलं. मी बोट घातलं आणि गालातला गोळा ओढून काढला. गोळा पांढरा होता. त्याला पुदिन्याचा वास येत होता.

"अहो मॅडम, काय करताय?" सिस्टर धावत आल्या. "चिंगम आहे ते. मीच दिलं."

मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय. पोटाला टाके घातलेल्या म्हातारीला चिंगम? शाळेत बाकांखालून मी पोरांना खरवडून काढायला लावते ते? सिस्टरने समजावलं. तोंड चावायला लागलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, आणि ते कामाला लागतं. गिळायचं नाही, नुसतं चघळायचं. मी खाली औषधांच्या रांगेत असताना डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं.

गोळा माझ्या बोटाला चिकटलेला होता. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. सिस्टरने नवं चिंगम पुढे केलं, तर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाई खात मी."

"आई, खा ना. माहं चुकलं."

"काऊन खाऊ? चोर आहो का मी?" तिने उशीखालून कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर टाकली. आत खर्र्याची पन्नी होती, रबर तसाच घट्ट. "इथी आल्यापासून हात नाई लावला. डॉक्टरनं नाई म्हटलं होतं. विचारलं असतं तं सांगितलं असतं."

रोज किती तोंडं उघडायला लावते मी! त्यातल्या एकालाही आधी विचारलं नव्हतं.

शेवटी सिस्टरच्या हातातलं चिंगम तिच्या हातात ठेवलं, आणखी एक मागून घेऊन स्वतःच्या तोंडात टाकलं आणि तिच्यासमोर बसून चघळू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातूनही.

"म्हशीवानी रवंथ करून राह्यली," असं म्हणून तिने आपलं चिंगम तोंडात टाकलं.

संध्याकाळी, भेटायला आलेल्या माणसांनी वॉर्ड भरलेला असताना, तिच्या चादरीखालून चांगला मोठा आवाज आला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. "सिस्टर, सरला!" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरची बाई टाळ्या वाजवायला लागली. नळी टळली.

आई आता बरी आहे, पोटभर जेवते. शाळेत मी हल्ली आधी विचारते. पण गावी गेले की मी हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत आई दारात माझ्यासमोर उभी राहते आणि आपणहून तोंड उघडते. "पाहून घ्या, मॅडम," म्हणते आणि खळखळून हसते. मला अजून एकदाही हसता आलेलं नाही.