नारूनं हात दाबला

माझ्या धाकट्या भावानं माझी म्हैस विकली, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि सौदा पुरा होईपर्यंत त्यानं तोंडातून एक शब्दही काढला नव्हता.

आमचे पाहुणे ही गोष्ट दर लग्नाच्या पंगतीत सांगतात. चुकीची सांगतात! त्यांच्या गोष्टीत मी मूर्ख ठरतो आणि माणसं जिलबी खायची सोडून हसत बसतात. म्हणून खरी गोष्ट एकदा मीच लिहून ठेवतो. (खऱ्या गोष्टीतही मी मूर्खच ठरतो, पण निदान तपशील तरी बरोबर असावेत.)

त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. तोवर सांगलीच्या जनावरांच्या बाजारात माझा जम बसला होता. पाटणजवळच्या आमच्या गावातून मी अंगावरच्या कपड्यांनिशी आलो, आधी शेण काढलं, मग दलाली केली, मग स्वतःच्या म्हशी घेऊन विकू लागलो. घासाघिशीत मला तोड नव्हती. एकदा मी एसटीच्या कंडक्टरशीसुद्धा तिकिटाच्या भावावरून हुज्जत घातली. (तो भाव कमी करत नसतो, हे मला कराडला कळलं. तिथं त्यानं मला उतरवलं.)

नारू मात्र पाटणच्या बाजारापलीकडे गेला नव्हता. आई पाठवतच नव्हती.

"आरं, लेकरू हाय त्ये अजून!"

"आई, लेकराला टक्कल पडायला लागलंय!"

पण नारूला जायचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानं पत्र्याची ट्रंक घेऊन तिच्यावर पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. ती रिकामी ट्रंक तो दर सोमवारी पुसायचा. ते बघून शेवटी आई विरघळली. "ने. पर एकदा जरी फसला, तर पयल्या गाडीनं माघारी लावून दे. मग पुन्यांदा सोडायची न्हाई म्या त्याला!"

पाटणच्या स्टँडवर तिनं नारूचा हात पदराखाली घट्ट धरून ठेवला आणि सांगितलं, "परक्या मुलखात कुनी असा हात धरला, तर झिडकारू नगंस. चांगला दाब. मानसाला धीर येतो."

हे मी ऐकलं होतं. ऐकून विसरलो, ही माझी पहिली चूक.

सांगलीत नारूनं पहिल्या दिवसापासून दिसेल त्याला रामराम घालायला सुरुवात केली. गल्ली पार करायला त्याला तास लागायचा. उरलेला वेळ तो माझ्या एका म्हशीपाशी काढी. तिचं नाव त्यानं गंगी ठेवलं. (विकायच्या मालाला नाव ठेवू नये, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तोवर ती नावाला ओ द्यायला लागली होती.)

चार दिवसांनी बाजार भरला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हातांवर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं धरतात. एक बोट म्हणजे शंभर, सगळा पंजा म्हणजे पाचशे. समोरच्यानं तुमचा हात दाबला की सौदा पक्का. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

विश्रामबागेकडे मळा असलेले तातोबा गंगीला बघायला आले. मी टॉवेलाखाली आधी पंजा आणि मग दोन बोटं, असे सात सांगितले. त्यांनी पाच धरले. मी सात. ते पाच. मी टॉवेल ओढून घेतला आणि ओरडलो, "ह्या भावात शेपूट मिळंल, शेपूट!"

हा राग निम्मा खरा आणि निम्मा धंद्याचा होता. आपण चिडून निघून जायचं, दोन चहा प्यायचे, तोवर गिऱ्हाईक मऊ पडतं. जाताना मी नारूला दटावलं, "दावं धरून हुबा ऱ्हा. मी येईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. कुनी काय बी विचारू दे!"

"व्हय, दादा."

मी त्याचं तोंड बंद केलं. हात मोकळाच राहिला, ही दुसरी चूक!

परत आलो तर नारू उभा, डोळे पाणावलेले, दावं गायब.

"म्हस कुठाय?"

नारूनं ओठ आवळून तोंडाकडे बोट दाखवलं.

"आरं, उघड आता!"

"गेली, दादा. त्या मामांनी नेली. लय दुःखी हुते बिचारे."

"दुःखी?"

"टॉवेलाखाली माझा हात धरला. मोठ्या मानसाला चारचौघांत लाज वाटती की! म्या दाबला. तर त्येंनी एक बोट सोडलं. म्हनलं, ह्येंचा धीर सुटला. म्या आनखी दाबला. तर आनखी एक सोडलं…"

"शेवटी किती बोटं हुती, नारू?"

"डोळं मिटलं हुतं, दादा."

त्याच्या दुसऱ्या मुठीत तीनशे रुपये होते. मामांनी सांभाळायला दिलेत, अशी त्याची समजूत! बाजार पोट धरून हसत होता आणि मला सौदा मोडाही म्हणता येत नव्हतं, कारण टॉवेलाखालचा सौदा मोडू नये यासाठी सगळ्यांत जास्त भांडणं आजवर मीच केली होती.

"उद्या पयल्या गाडीनं पाटण!" मी गरजलो.

 घरी येऊन नारूनं ट्रंक पुसली, दोन सदरे घडी करून ठेवले आणि हळूच म्हणाला, "दादा, फसलो म्हून आईला सांगू नगंस. करमंना म्हून आला, म्हन. म्हंजी कवातरी पुन्ना सोडंल ती."

त्यानं पुसलेली ट्रंक मी पुन्हा एकदा पुसली. (धूळ राहिली होती. दुसरं काही कारण नव्हतं.)

सकाळी नारू ट्रंक उचलतोय, तोच दारात तातोबा! हातात रिकामी चरवी.

"शेठ, म्हस पान्हा सोडंना. काल सांजच्याला न्हाई, आज न्हाई. कारभारनीला लाथ घातली!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. "सौदा झालाय, तातोबा. म्हस माघारी घेनार न्हाई."

"म्हस कोन देतंय? ह्यो गडी द्या मला." त्यांनी नारूकडे बोट केलं. "शेठ, पाचावर ह्यानं हात दाबला. मला वाटलं, चुकला. चारावर दाबला. तिनावर बी दाबला! फुडं माझंच मन धजंना. चाळीस वर्सं बाजार करतोय, आसा हात कुनी धरला न्हाई गड्या." आणि त्यांनी दोनशे रुपये माझ्यापुढे ठेवले. "म्हशीचं पाच पुरं झालं. गडी काय घेनार, बोला."

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी टॉवेल काढला! म्हैस गेली तर गेली, नारूच्या पगारात सगळं वसूल करू, असा माझा बेत. टॉवेलाखाली माझी आणि तातोबांची बोटं झुंजू लागली. मी चढवतोय, ते उतरवताहेत, दोघांच्या कपाळावर घाम. तेवढ्यात टॉवेलाखाली तिसरा हात शिरला.

नारूचा! त्यानं आम्हा दोघांचेही हात घट्ट दाबले. सौदा पक्का! किती बोटांवर झाला, हे आजतागायत कोणालाही माहीत नाही.

ट्रंक खांद्यावर टाकून नारू पाटणऐवजी विश्रामबागेला गेला. गंगीनं त्याला बघून हंबरून गोठा डोक्यावर घेतला आणि चरवी भरून दूध दिलं. दोन वर्षांनी तातोबांनी त्याला आपली लेक दिली. लग्नात आई भर मांडवात मला म्हणाली, "बघ! न्हवतं म्हनलं, हात दाबावा म्हून? तुला कवा जमलंच न्हाई त्ये."

आता तो गोठा नारूचा आहे आणि आमच्या घरी दूध त्याच्याकडूनच येतं. विकत. एकेकाळी माझ्याच असलेल्या म्हशीच्या नातवंडांचं! सख्ख्या भावाला त्यानं भाव उतरवून द्यावा, असं मला वाटतं. म्हणून दर महिन्याला मी टॉवेल घेऊन विश्रामबागेला जातो, त्याच्या हातावर टाकतो आणि खाली एक बोट हळूच कमी करतो.

नारू डोळे मिटतो, माझा सगळा पंजा मायेनं दाबतो आणि विचारतो, "काय झालं, दादा? लय दुःखी दिसतोस."

आणि दुधाचा तो भाव ऐकल्यावर मी असतोच!