कंपन्या एक झाल्या तेव्हा

सरकारनं आपल्या दोन विमान कंपन्यांची एक केली, तेव्हा वसमतच्या हॉटेलात चहावर त्याचे फायदे समजावून सांगणारा मी एकटाच होतो. विमानात तोवर पाय ठेवला नव्हता. पण बोलायला तिकीट कुठं लागतं?

त्याच आठवड्यात मामेभावाचा दिल्लीहून फोन आला. मामा दवाखान्यात होता, भेटायचं तर लवकर या म्हणाला. आईचा हा एकुलता भाऊ, तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. मी नांदेडहून विमानाची दोन तिकिटं काढली, आईचं नि माझं.

निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. ‘दोन्ही कंपन्या एकत्र झाल्यामुळे’ इथपर्यंत वाचून मी फोन खिशात टाकला.

“पुरतं वाचा की,” बायको म्हणाली.

“त्यात काय वाचायचं? आपली एसटी बंद पडली तर कंडक्टर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवतो का न्हाई? ह्ये बी सरकारीच.”

“बसा मग कंडक्टरशेजारी.”

विमानतळाच्या दारात जवानानं तिकीट पाहिलं. “चाचा, ये फ्लाइट तो बंद हो गई.”

“मग दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवा. एकच झाल्या ना?”

“एक हुई, इसीलिए तो बंद हुई.”

मेसेज तिथंच उभ्यानं पुरता वाचला. आई बाजूला पिशवी धरून उभी होती.  

स्टेशनवर येऊन मिळेल ती रेल्वे धरली, तर ती पूर्ण्याहून फिरून आमच्याच वसमतवरून निघाली. खिडकीतून ओळखीची दुकानं दिसली तशी आई म्हणाली, “सकाळधरनं हिंडून राहिलो, आन आलो कुठं, तर घरी.”

हिंगोली मागं पडल्यावर मामेभावाचा फोन आला. ‘कधी?’ एवढंच विचारून मी फोन खिशात टाकला.

“कोणाचा रे?”

“विमानवाल्यांचा,” मी म्हणालो. “चूक झाली म्हणतात.”

“मंग परतीचं तरी नीट बघा म्हणावं. तुझ्या मामाला घेऊन यायचंय. रेल्वेत एवढं बसवणार न्हाई त्याला.”

‘सांगतो’ म्हणून मी उठलो आणि डब्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.