चिंध्यांची टोपली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काकू म्हणत. मेंदूच्या पातळ चकत्या काचेवर घेऊन रंगवायच्या, हे त्यांचं काम. स्वच्छतेच्या बाबतीत बाई महाखाष्ट. धुळीचा कण दिसला की त्याची धडगत नसे.

घरीही तोच खाक्या. नवरा शिंपी. त्याला विसर पडू लागला आणि एकदा कात्री साखरेच्या डब्यात सापडली, तेव्हा काकूंनी कंबर कसली. कात्री कुलपात गेली, मशीनवर चादर पडली, चिंध्यांची टोपली माळ्यावर चढली. घर लख्ख झालं. नवरा मात्र खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसू लागला. हळूहळू त्याच्या तोंडचं ‘अगं’ गेलं आणि ‘अहो बाई’ आलं. ते ऐकलं की, आजारच तो, त्याला कोण काय करणार, असं म्हणून त्या पुन्हा फडकं हातात घेत.

एके दिवशी संशोधक बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. “काकू, बघा तुमच्या बहिणी! या मेंदूतल्या मदतनीस पेशी. कचरा उचलतात, नको ते धागे छाटतात. त्यांच्यावाचून मेंदूचं पान हलत नाही.”

“गुणाच्या आहेत की!”

“आहेतच. पण वय झालं, आजार शिरला, की काहींचा तोल जातो. मग कचऱ्याबरोबर चांगल्या जोडण्याही गिळून टाकतात.”

“आणि त्यांना कळत नाही?”

“त्यांना काय कळणार? त्या आपल्या झाडतच राहतात.”

काकू पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मनातून चांगल्याच खजील झाल्या होत्या.

घरी गेल्यावर त्यांनी कुलूप काढलं, टोपली उतरवली आणि सगळ्या चिंध्या नवऱ्यापुढे ओतल्या. आजार काही पळणार नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निदान आपण तरी आजाराच्या पंगतीला बसून नवऱ्याचं उरलंसुरलं गिळायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

नवऱ्याने एकेक तुकडा बोटांनी चाचपला. मग त्यांतून मापाची टेप उचलली, उठून त्यांच्या खांद्याला लावली आणि थबकला.

“अहो बाई, हे तर माझ्या बायकोचं माप!”

काकूंनी हातातली रिकामी टोपली खाली ठेवली.

“जरा उभ्या राहता? तिच्यासाठी शिवायचंय. तिला सांगू नका हं, चिंध्या दिसल्या की ओरडते.”

“नाही ओरडणार,” काकू म्हणाल्या, आणि माप देण्यासाठी त्यांनी हात वर केले.