मंगळवारची कुऱ्हाड

पोलीस अधिकाऱ्याने आठवणी लिहायला घेतल्या, की 'ती घटना आजही आठवते' या वाक्याने सुरुवात करायची, असा आमच्यात जणू नियमच आहे. माझी पंचाईत अशी, की ज्या खुनाबद्दल मी सांगणार आहे तो माझ्या जन्माच्या नव्वदेक वर्षे आधी, नेदरलँड्समधल्या एका लहानशा गावात झाला. त्याचा तपास मी केला तो गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, शेजारणीच्या जेवणाच्या टेबलावर.

मुलगी आणि जावई अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहतात आणि सायकलवर टांग मारून झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या ऑफिसात जातात. मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. उभी हयात पोलीस ठाण्याच्या गोंगाटात गेलेल्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखे व्हावे इतका तो भाग शांत. खिडक्यांचे पडदे कोणी ओढत नाही. फिरायला निघाले की कोणाच्या घरी काय शिजले आहे ते रस्त्यावरून दिसते. मी मुलीला म्हणालो, "इथल्या पोलिसांना खबरी लागतच नसतील." ती म्हणाली, "बाबा, आत बघत जाऊ नका. बॅड मॅनर्स."

शेजारच्या फ्लॅटमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक डच बाई राहतात. निवृत्त शिक्षिका. मी पोलिसात होतो हे त्यांना मुलीकडून कळले, तेव्हा त्यांनी मला बोलावले, पण आठ दिवसांनी, शुक्रवारी, साडेदहा वाजता. भिंतीपलीकडची बाई डायरी बघून वेळ देते याचे मला हसू आले. साडेदहाला गेलो तर टेबलावर कॉफी, माणशी एक बिस्कीट आणि एक जाड फाइल तयार होती. त्यांचे आणि माझे इंग्रजी दोन्ही हवापाण्यापुरते. शुक्रवारी मुलगी घरून काम करते, तिने डच भाषेची परीक्षाही दिलेली, म्हणून तिला दुभाषी केले.

बाईंच्या आईच्या आजीची आई ही एका श्रीमंत विधवेकडे मोलकरीण होती. एका सकाळी विधवा स्वयंपाकघरात मेलेली सापडली, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. समोरच्या बेकरीवाल्याने खबर दिली, की पहाटे मोलकरीण मागच्या दाराने गाठोडे घेऊन जाताना दिसली. तिला धरले. नऊ दिवसांनी तिने गुन्हा कबूल केला, कुऱ्हाड कालव्यात टाकल्याचे सांगितले, आणि ती तिथेच मिळाली. खटला देशभर गाजला. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली, आणि ती तुरुंगातच वारली. मागे चार वर्षांची मुलगी राहिली. बाई त्या मुलीच्या वंशातल्या.

आता त्या गावचे संग्रहालय या खटल्यावर प्रदर्शन भरवणार होते. काचेच्या पेटीत कुऱ्हाड, आणि खाली पाटी, 'मारेकरणीने स्वतः दाखवलेली'. शेजारी लावायला त्यांना त्या मोलकरणीचा फोटो हवा होता. एकुलता एक फोटो, आणि तो बाईंच्या कपाटात.

"आमच्या घरात चार पिढ्या हिचं नाव कोणी घेतलं नाही," बाई म्हणाल्या. "फोटो द्यायचा की नाही, ते मला ठरवायचंय. त्याआधी एकच कळू दे. तिने केलं का?"

मुलगी मराठीत पुटपुटली, "बाबा, कैच्या कै प्रॉमिस करू नका हं."

प्रॉमिस केले नाही. फाइलमधले खटल्याचे कागद मात्र वाचायला घेतले. माझी एक पद्धत होती. कबुलीजबाब सगळ्यात शेवटी वाचायचा. तो आधी वाचला की बाकीचे कागद आपोआप खरे वाटू लागतात. म्हणून मुलीला आधी किरकोळ साक्षीदार वाचायला लावले. दूधवाली, धोबीण, शेजारी. बाजूला एका जाहिरातीच्या कागदामागे मी तारीख-वारांचा तक्ता मांडला. तीन शुक्रवार गेले. बाई दर वेळी एकच बिस्कीट देत आणि डबा लगेच कपाटात ठेवत. तिसऱ्या शुक्रवारी मी दुसरे मागून घेतले. मुलगी लाजेने लाल झाली, बाई मात्र मनापासून हसल्या.

त्याच दिवशी एका नावाड्याची जबानी निघाली. त्याला कोर्टाने बोलावले होते ते मोलकरणीची चालचलणूक विचारायला. उत्तर देता देता त्याने आपले रडगाणे लावले. खुनानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी पोलिसांनी त्याची नाव कालव्यात गळ टाकायला नेली, ती कुऱ्हाड एकदाची वर निघेपर्यंत सोडली नाही, आणि त्याचे कोबी धक्क्यावर उन्हात सुकले. न्यायाधीशांनी त्याला विषयावर बोलायची समज दिली, आणि लेखनिकाने तीही इमानाने लिहून ठेवली.

"या गावचा बाजार कुठल्या वारी?" मी विचारले.

"मंगळवारी," बाई म्हणाल्या. "अजूनही मंगळवारीच भरतो."

"आता कबुलीजबाबाची तारीख बघ."

मुलीने पाने उलटली, फोनवर जुने कॅलेंडर काढून वार तपासला. गुरुवार. ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे कुऱ्हाड आधीच मिळालेली?"

"दोन दिवस आधी. मधल्या बुधवारी काय नोंद आहे?"

तिने वाचले, "आरोपीस तिची मुलगी दाखवण्यात आली."

मी तिला थांबवले. मला पाणी हवे होते.

इथे थोडे कायद्याचे सांगतो. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. त्यामुळे दोन पंच बोलवायचे, आरोपीला पुढे घालायचे, त्याने जागा दाखवायची आणि पंचनामा करायचा. या पंचनाम्यावर कितीतरी खटले उभे असतात. वस्तू आधी मिळाली आणि माणूस नंतर बोलला, तर त्या वस्तूची अर्धी किंमत जाते. त्या मोलकरणीच्या निकालपत्रातही 'आरोपीने स्वतः दाखवलेली कुऱ्हाड' हाच सगळ्यात मोठा पुरावा होता.

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे ती निर्दोष होती!"

"तसं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "तिने खून केला की नाही, मला माहीत नाही. कुऱ्हाड तिने दाखवली नाही, एवढंच माहीत आहे. तिच्या तोंडी ते घालण्यात आलं."

बाईंनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "वकिलांनी हे कागद वाचले. एका प्राध्यापकांनी यावर लिहिलंय. कोणाला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

अनुभव, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. मुलगी अभिमानाने माझ्याकडे बघत होती. तिच्या दिवाणखान्यात माझा पदक घेतानाचा फोटो आहे. त्या खुनाबद्दल एका बाईला चार पिढ्यांनंतर बोलायचे धैर्य झाले होते, आणि मी तिच्यासमोर बसून गप्प राहावे, हे मला जमेना.

"कारण मी हे केलंय," मी मराठीत म्हणालो.

मुलगी भाषांतर करेना.

"सांग त्यांना. जसंच्या तसं. शब्द बदलू नकोस."

मग मी वाक्यावाक्याला थांबत सांगितले. घाटाखालच्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. लाकडाच्या वखारीच्या मालकाचा खून झाला. कामगारावर संशय. वरून रोज फोन. सोमवारी माझ्या हवालदाराने वखारीमागच्या विहिरीत गळ टाकून कोयता काढला. आरोपी मात्र तोंड उघडेना. मंगळवारी मी त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला घरून आणवले आणि कोठडीतून दिसेल अशा बाकावर बसवले. तिला कोणी हात लावला नाही. बिस्किटे दिली. संध्याकाळपर्यंत ती बसून होती. बुधवारी सकाळी तो बोलला. आम्ही कोयता परत विहिरीत सोडला, पंच बोलावले, आणि त्याला पुढे घालून तो पुन्हा काढला. जन्मठेप झाली. मला प्रशस्तिपत्र मिळाले. बचावाच्या वकिलाने सोमवारची स्टेशन डायरी मागवली असती तर सगळे उघडे पडले असते. त्याने मागवली नाही.

गुन्हा त्यानेच केला असे मला तेव्हा वाटत होते. आजही बहुधा तसेच वाटते. पण माझे वाटणे कोर्टाने ऐकायचे नव्हते, पुरावा ऐकायचा होता, आणि तो मी बनवला होता. हे सांगताना मला लाज वाटली, आणि लाज वाटायला इतकी वर्षे लागली याची जास्त वाटली.

मुलीने शेवटचे वाक्य डचमध्ये सांगितले आणि खिडकीकडे तोंड फिरवले. बाई रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी शिक्षिकेच्या आवाजात एवढेच विचारले, "त्या मुलीला हे माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"आम्हाला कळायला दीडशे वर्षं लागली," त्या म्हणाल्या.

फोटो त्यांनी दिला. अट एकच घातली, पाटीवर कुऱ्हाड मिळाल्याचा मंगळवार आणि कबुलीचा गुरुवार दोन्ही लिहायचे. संग्रहालयाने मान्य केले. प्रदर्शन उघडले त्या दिवशी आम्हीही गेलो. बाईंनी त्या पाटीसमोर उभे राहून मोलकरणीचे नाव मोठ्याने वाचले.

त्या शुक्रवारनंतर मुलगी दोन दिवस माझ्याशी कामापुरती बोलली होती. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवून म्हणाली, "तेव्हा मीपण सहाच वर्षांची होते ना बाबा?"

"हो."

"मग तिला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

वाटले होते. त्या दिवशी मी घरी लवकर गेलो आणि हिला मांडीवर घेऊन बसलो. ते तिला सांगितले नाही. आपली सुटका करून घेतल्यासारखे झाले असते.

परत आल्यावर मी सगळे लिहून, सही करून जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे आणि कोर्टाकडे पाठवले. उत्तर आलेले नाही. तो कामगार शिक्षा भोगून सुटला आणि नंतर वारला, एवढे कळले. त्याची मुलगी लग्न होऊन कुठे गेली, ते गावात कोणाला सांगता येईना. माणसे शोधण्यात माझा हातखंडा होता, पण ती सापडली नाही. माणूस बोलता झाला म्हणजे सत्य बाहेर आले, असे मी नोकरीभर समजत आलो. त्याला काय दाखवून बोलते केले, हेही कागदावर यायला हवे, हे मला परक्या देशातल्या परक्या खटल्याने शिकवले. म्हणून हे छापायला देत आहे.

ताई, तुम्ही आता माझ्या मुलीच्याच वयाच्या असाल. हे तुमच्या वाचनात आले, तर एवढे ध्यानात घ्या. कोयता सोमवारी सापडला होता. तुमच्या वडिलांनी तो दाखवला नव्हता. ते बुधवारी बोलले, कारण मंगळवारी तुम्ही बाकावर बसला होता.